पदराआड लपवलेली गाठ

पवनारहून बचत गटाची ताई बोलते आहे. नेहमी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आज बोलणार आहे शरीरातल्या गाठींबद्दल.

त्याला कारण घडलं. एका गटाची मासिक बैठक संपली. वसुली झाली, सह्या-अंगठे झाले, बाया उठून गेल्या. एक जण मात्र चटई गुंडाळायच्या निमित्तानं मागं राहिली. दाराकडं एकदा पाहिलं, मानेवरचा पदर बाजूला केला आणि हळूच म्हणाली, "ताई, मले इथं गाठी आल्या. चार महिने झाले. कोणाले सांगू नोको." मानेच्या उजव्या बाजूला बोरांएवढ्या तीन गाठी होत्या. दुखत नव्हत्या. घरी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणाली, "गाठ म्हटलं की लोक कॅन्सरच म्हणतात. पोरीची सोयरीक जुळून राहिली, आता कुठं सांगू?"

चार महिने ती बाई मान झाकून शेतात जात होती, स्वयंपाक करत होती, बैठकीला येत होती, आणि मनातल्या मनात मरत होती. तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. मी काही डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, सिस्टरांना विचारलं, पुस्तकं वाचली. आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की गाठी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात जन्मापासून असतात. पाचशेच्या वर असतात. त्या नसत्या तर साधा काटा रुतूनही माणूस गेला असता.

अवधाण आठवते का?

तुमच्यातल्या वयानं मोठ्या बायांना अवधाण हा शब्द माहीत असेल. पायाला काटा रुतला, जखम चिघळली की दोन दिवसांनी जांघेत गाठ येते, चालताना दुखते. आजी म्हणायची, "अवधाण आली, पायाची जखम पाहा." पाहा बरं, दुखते जांघ आणि पाहायला सांगते पाय! आपल्या आज्यांना हे नातं कळलेलं होतं. पायातल्या भानगडीची खबर जांघेत पोचते, हाताची काखेत पोचते, दाताची जबड्याखाली पोचते. पोचते कशी, ते आज समजून घेऊ.

आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण बारीक केशवाहिन्यांमधून रक्तातलं थोडं पाणी सतत बाहेर पाझरत असतं. कालव्याचं पाणी वावरात पाझरावं तसं. त्या पाण्यातून पेशींना अन्न मिळतं. त्यातलं बरंचसं पाणी परत रक्तात जातं, पण सगळं जात नाही. दिवसाला साधारण तीन लिटर मागं उरतं. ते तिथंच साचलं तर अंग सुजून जाईल.

वावरात जिरून उरलेलं पाणी काय करतं? लहान नाल्यात उतरतं, नाला मोठ्या नाल्याला मिळतो आणि शेवटी आपल्या धाम नदीत जातो. शरीरातही असेच नाले आहेत. त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात आणि त्यातल्या फिकट पाण्याला लसीका. खरचटल्यावर रक्त थांबलं तरी जे पिवळसर पाणी येत राहतं, ते पुष्कळसं असंच असतं. या नाल्यांना हृदयासारखा पंप नाही. आपण चाललो, हात हलवले, श्वास घेतला की आजूबाजूचे स्नायू त्यांना दाबतात, आणि मोठ्या वाहिन्या स्वतःही आकसतात. आत जागोजागी एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा आहेत, म्हणून पाणी मागं फिरत नाही. शेवटी ही सगळी लसीका मानेच्या मुळाशी, गळ्याच्या हाडामागं, मोठ्या शिरांमध्ये उतरते आणि पुन्हा रक्तात मिसळते.

आता विचार करा. काट्याबरोबर आत गेलेले जंतूही याच पाण्याबरोबर वाहत येणार. ते थेट रक्तात मिसळले तर सगळीकडं पसरतील. म्हणून वाटेत चौक्या बसवल्या आहेत. त्या चौक्या म्हणजेच लसीका ग्रंथी, आपल्या भाषेत गाठी. मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात त्यांचे पुंजके असतात.

चौकीच्या आत काय असतं?

एक गाठ साधारण तुरीच्या दाण्यापासून वालाच्या दाण्याएवढी असते आणि आकारही वालासारखाच, एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं खोलगट. वरून पातळ पण चिवट साल. फुगीर बाजूनं अनेक नाले आत शिरतात, खोलगट बाजूनं एक-दोनच बाहेर पडतात. येणारे जास्त, जाणारे कमी, म्हणून पाणी आत गेल्यावर संथ होतं. संथ पाण्यातच नीट तपासणी होते.

सालीच्या आत अगदी बारीक तंतूंचं जाळं आहे. त्या जाळ्यात पेशींच्या वस्त्या आहेत, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. सालीजवळच्या कडेच्या भागात गोल गोल पुंजके असतात, तिथं राहतात बी पेशी. त्यांच्या आतल्या पट्ट्यात टी पेशी. आणि अगदी मध्यभागी, बाहेर जाणाऱ्या नाल्याजवळ, भक्षक पेशी आणि प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी. भक्षक पेशी म्हणजे आलेल्या जंतूला सरळ गिळून टाकणाऱ्या. टी आणि बी या दोघी लसीका पेशी. या पांढऱ्या पेशी आहेत, आणि रक्ताच्या तपासणीच्या कागदावर "लिम्फोसाइट" असं लिहिलेलं असतं त्या ह्याच.

आता कापूस वेचणीचे दिवस घ्या. सुकलेल्या बोंडाची टोकं टोचून बोटं फाटतात. त्या चिरेतून जंतू शिरले. कातडीत एक जातीच्या पेशी पसरलेल्या असतात, त्यांना झाडासारख्या फांद्या असतात, म्हणून त्यांना शाखापेशी म्हणू. ती शाखापेशी जंतूला पकडते, त्याचे तुकडे करते, तुकडा आपल्या अंगावर बाहेरून लावते आणि नाल्यातून प्रवास करत काखेतल्या गाठीत येते. चोराची चप्पल घेऊन चौकीवर यावं तसं.

गाठीत आली की ती टी पेशींच्या पट्ट्यात शिरते आणि एकेकीला तो तुकडा दाखवते. इथं एक गंमत आहे. प्रत्येक टी पेशीला एकाच तऱ्हेची खूण ओळखता येते. लाखो पेशींत एखादीच म्हणते, "हो, याला मी ओळखते." म्हणून या पेशी एका जागी बसून राहत नाहीत. रक्तातून गाठीत येतात, काही तास थांबतात, ओळखीचं कोणी दिसलं नाही तर पुढच्या गाठीकडं निघतात. सतत गस्त चालू.

ओळखणारी पेशी सापडली की ती थांबते आणि दुप्पट, चौपट, आठपट अशी वाढत जाते. ती बी पेशींनाही जागं करते. बी पेशींच्या पुंजक्याच्या मधोमध मग एक नवा गाभा तयार होतो. तिथं बी पेशी वाढतात, त्यातल्या जास्त अचूक ओळखणाऱ्या निवडल्या जातात, बाकीच्या मरतात. निवडलेल्यांपैकी काही प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करू लागतात. अशी एक पेशी सेकंदाला हजारोंनी प्रतिपिंडं सोडते. ती लसीकेतून रक्तात आणि रक्तातून बोटाच्या जखमेपर्यंत पोचतात आणि जंतूला चिकटतात, म्हणजे भक्षक पेशींना तो चटकन गिळता येतो.

या सगळ्या गडबडीत गाठीतल्या पेशी कित्येक पट वाढतात, रक्त जास्त येतं, साल ताणली जाते. म्हणून गाठ फुगते आणि दुखते. म्हणजे मैत्रिणींनो, अवधाण हा वेगळा आजार नाही, ते कामावर असलेल्या चौकीचं लक्षण आहे. तिला चोळायचं नाही, शेकून-डागून घ्यायचं नाही, बिब्बा घालायचा नाही. जखम धुवायची, लागेल तर औषध घ्यायचं. जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत गाठ आपोआप उतरते.

काम संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात, पण थोड्या उरतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. आपण गटाचं दप्तर जपून ठेवतो ना, कोणी कधी किती घेतलं हे पाच वर्षांनीही सापडावं म्हणून? तसंच हे दप्तर. तोच जंतू पुन्हा आला तर पहिल्यासारखा आठवडा लागत नाही, उत्तर लवकर आणि जोरात जातं. लस म्हणजे दुसरं काही नाही, खरा आजार न होता या दप्तरात केलेली नोंद. बाळाला डाव्या दंडावर बीसीजी दिल्यावर काही आठवड्यांनी कधी कधी डाव्या काखेत लहान गाठ लागते. घाबरू नका, नोंद चालू आहे. ती मोठी होत गेली, मऊ पडली, लाल झाली किंवा फुटली तर मात्र दाखवा.

शिपाई घडतात कुठं?

या पेशी जन्मतात हाडांच्या आतल्या मगजात. बी पेशी तिथंच तयार होतात. त्यांचं "बी" हे नाव आलं कोंबडीवरून! कोंबडीच्या शेपटीजवळ बर्सा नावाची एक पिशवी असते, तिथं या पेशी घडतात हे आधी कळलं. माणसाला ती पिशवी नाही, आपल्यात ते काम हाडाचा मगज करतो.

टी पेशी मात्र मगजातून निघून छातीच्या हाडामागं असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर आकसत जाते. पुष्कळ काळ डॉक्टरांना वाटायचं, ही बिनकामाची आहे. १९६१ मध्ये जॅक मिलर या शास्त्रज्ञानं दाखवलं की नुकत्या जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली तर ते रोगांना तोंड देऊ शकत नाहीत.

थायमस म्हणजे कडक शाळा. तिच्या बाहेरच्या भागात पाहतात, हिला काही ओळखता येतं का. आतल्या भागात पाहतात, ही घरच्याच माणसांवर तर उठत नाही ना. दोन्ही परीक्षांत शंभरातल्या चार-पाचच पेशी पास होतात, बाकीच्या तिथंच संपतात. एवढं करूनही घरच्यांवर उठणाऱ्या काही निसटतात. काही प्रकारचा सांधेवात आणि थायरॉइडचे काही आजार शरीराच्या अशा चुकीतूनच होतात.

घशातल्या, आतड्यातल्या आणि डाव्या कुशीतल्या चौक्या

नाल्यांवर चौक्या आहेत तशा दरवाजांवरही आहेत. घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल, नाकामागं ॲडिनॉइड, जिभेच्या मुळाशी आणखी पेशी, असं कडं आहे. म्हणून लहान मुलांचे टॉन्सिल मोठे दिसतात, त्या वयात त्यांना रोज नवा जंतू भेटत असतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अशाच पेशींचे चट्टे असतात. टायफॉइडचा जंतू नेमका याच चट्ट्यांतून आत शिरतो. म्हणून टायफॉइड अंगावर काढला तर तिथं जखम होऊन आतडं फाटू शकतं.

आता सगळ्यात मोठी चौकी, पांथरी, म्हणजे प्लीहा. डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आत, आपल्या मुठीएवढी, मोठ्या माणसात साधारण दीडशे ग्रॅमची. गाठी लसीका गाळतात, पांथरी रक्त गाळते. ती कापून पाहिली तर लाल मांसात पांढरे ठिपके दिसतात. पांढऱ्या भागात टी आणि बी पेशी राहतात आणि रक्तातल्या जंतूंवर लक्ष ठेवतात. लाल भाग म्हणजे चाळणी. तिच्या फटी तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद. तरुण पेशी लवचीक असते, अंग चोरून निघून जाते. एकशेवीस दिवसांची म्हातारी पेशी ताठर होते, अडकते, आणि भक्षक पेशी तिला खाऊन तिच्यातलं लोह पुन्हा वापरायला देतात.

हे मी एवढं का सांगते? कारण आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. मग ती तरुण असली तरी या चाळणीत अडकते. लहान मुलांत कधी कधी अचानक खूप रक्त पांथरीत अडकून बसतं. मूल काही तासांत पांढरंफटक पडतं, मलूल होतं, डावीकडं पोट फुगतं. अशा वेळी बाहेरचं काही लागलं म्हणून अंगारा लावत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त द्यावं लागतं. सिकलसेलच्या मुलांच्या आयांनी पांथरी हातानं चाचपायला सिस्टरांकडून शिकून घ्यावं. रोज आंघोळ घालताना दोन बोटं लावली की आज मोठी लागते का ते कळतं.

पुन्हा पुन्हा अडकल्यानं पुष्कळ मुलांची पांथरी खराब होते, काहींची आक्रसून जाते, आपल्याकडच्या काही मुलांची मोठीच राहते पण काम नीट करत नाही. चौकी बंद पडली की काही जंतूंना रान मोकळं. म्हणून या मुलांना न्यूमोनियाची लस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पेनिसिलीन चुकवायचं नाही, आणि ताप १०१ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. तपासणी बोटभर रक्ताची आहे. आणि सोयरीक जुळवताना नुसती पत्रिका पाहू नका, सिकलसेलचा कागदही पाहा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक बाळ आजारी होण्याचा धोका असतो.

चौकीतच शत्रू शिरला तर?

काही रोग असे आहेत की ते चौकीलाच धरतात. हत्तीरोग हा आपल्या वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यातला जुना रोग. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्याच्यावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. घाण पाण्यात वाढणारा डास चावला की दोऱ्यासारख्या कृमींची पिल्लं आत शिरतात आणि मोठी होऊन राहतात कुठं, तर लसीकेच्या नाल्यांत, वर्षानुवर्षं. नाले फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी तुंबतं, पाय सुजतो. या कृमींची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून कर्मचारी रात्री रक्त घ्यायला येतात. त्यांना हाकलू नका. दरवर्षी मोहिमेत गोळ्या देतात त्या खिशात ठेवायच्या नाहीत, काहीतरी खाऊन त्यांच्यासमोरच घ्यायच्या. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांनी तो रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बसताना पाय उंच ठेवायचा. एवढ्यानंही ताप येऊन पाय लाल होण्याचे झटके कमी होतात.

गाठीची भीती आपल्या लोकांच्या मनात बसली त्याला इतिहासही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुण्यापर्यंत पसरला. पिसू बहुतेक पायाला चावायची, जंतू नाल्यानं जांघेत यायचे, आणि तिथल्या भक्षक पेशींना न जुमानता गाठीतच वाढायचे. त्या वेळच्या मराठीत प्लेगला ग्रंथिक सन्निपात म्हणत. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लोक आपल्या माणसांच्या गाठी लपवत होते, घरं सोडून पळत होते, तेव्हा ही बाई रोग्यांजवळ गेली. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. आज प्लेगला औषधं आहेत. पण गाठ दिसली की लपवायची, ही सवय अजून गेली नाही.

तिसरा रोग टीबी. टीबी फक्त छातीत होतो असं पुष्कळांना वाटतं. तो गाठींतही होतो, आणि सगळ्यात जास्त मानेच्या. जुने लोक त्यालाच गंडमाळ म्हणायचे. गाठी हळूहळू वाढतात, फार दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात, कधी फुटून वाहतात. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं हे असू शकतं, नसूही शकतं. बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत, साधारण सहा महिने. शिवाय निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषध चालू असताना कधी कधी गाठ थोडी वाढते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, पण मनानं औषध सोडू नका.

आणि कॅन्सर. स्तनातल्या लसीकेचा बहुतेक भाग काखेतल्या गाठींकडं जातो. म्हणून स्तनातल्या कॅन्सरच्या पेशीही आधी तिथंच पोचतात, आणि डॉक्टर स्तन तपासताना काख तपासतात ते याचसाठी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॅन्सर चौकीपर्यंत यायच्या आधीच सापडला तर उपचार सोपे होतात. तीस वर्षांवरच्या बायांची ही तपासणी आता आरोग्य केंद्रात मोफत होते.

कोणती गाठ कशाची?

कागद-पेन्सिल घ्या आणि लिहून ठेवा. जबड्याखाली गाठ असेल तर दात, हिरडी, घसा पाहा. मानेमागं असेल तर डोक्यातले फोड, उवा पाहा. काखेत असेल तर हात आणि स्तन पाहा. जांघेत असेल तर पाय पाहा, आणि अंगावरून पांढरं जाणं किंवा खालच्या जागी फोड असेल तर तेही न लाजता सांगा. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खड्ड्यातली गाठ मात्र कधीच साधी समजू नका. शरीरभरची लसीका तिथंच रक्तात उतरते, म्हणून छाती-पोटातल्या आजाराची खबर तिथं निघते.

दुखरी, मऊ, बोटाखाली सरकणारी आणि जवळपास जखम असलेली गाठ बहुधा काम करणारी चौकी असते. तीन-चार आठवड्यांत न उतरणारी, वाढत जाणारी, बोराहून मोठी, दगडासारखी कडक, खाली चिकटलेली, किंवा जिच्यासोबत ताप, रात्री घाम, वजन घटणं आहे, अशी गाठ दाखवायचीच. आणि न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, हा समज सोडून द्या. बऱ्याचदा उलटंच असतं.

आता त्या बाईचं सांगते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सुईची तपासणी झाली. टीबी निघाला. ऐकून ती रडली नाही, हसली. म्हणाली, "म्हणजे गोळ्यांनी बरी होईन मी?" सहा महिने गोळ्या घेतल्या, गाठी उतरल्या. पोरीचं लग्नही झालं, आणि लग्नात तिनं पदर मानेवरून घेतला नव्हता. पण मला राहून राहून वाटतं, तिचे ते चार महिने वाया गेले. टीबीऐवजी दुसरं काही असतं तर त्या चार महिन्यांची किंमत फार मोठी झाली असती.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गटात कोणाला महिन्याभरापासून गाठ आहे का, एवढंच विचारा. चारचौघींत कोणी बोलणार नाही, तर चटई गुंडाळायला मुद्दाम मागं थांबा. कोणी बोलली तर तिचं गुपित गावभर करू नका आणि तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. जायला-यायला पैसे नसतील तर गटाची बचत अशाच वेळी कामाची.

चौकीनं आपलं काम केलं, खबर दिली. खबर ऐकून उठायचं काम आपलं.